कॅमेरा कंपनीकडे काय मागायचे आणि कसे मागायचे

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातला बिबट्या उसात राहतो, रात्री वस्तीजवळून जातो आणि बहुतेक वेळा कुणाच्या नजरेस पडत नाही. तो किती आहे आणि कुठे फिरतो, हे कळले ते झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यांमुळे. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले परिसरात कॅमेरा ट्रॅप लावून केलेला अभ्यास २०१३ साली ‘प्लॉस वन’ या संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध झाला. चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहणाऱ्या या शेतीच्या मुलखात दर १०० चौरस किलोमीटरमागे ४.८ प्रौढ बिबटे आणि ५ तरस असल्याचा अंदाज त्यातून निघाला. आज संगमनेर, राहुरी, कोपरगावकडेही बिबट्याची खबर आली की पहिली मागणी कॅमेऱ्याचीच होते.

कॅमेरा लावणे सोपे असते. अवघड काम पुढे सुरू होते. २०१८ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले आणि ३ कोटी ४८ लाखांहून अधिक छायाचित्रे जमली. त्यांत वाघाची ७६,६५१ आणि बिबट्याची ५१,७७७ होती. बाकीच्या ढिगात इतर वन्यप्राणी, गुरे, माणसे आणि वाऱ्याने हललेले गवत. एवढा ढीग हाताने निवडणे शक्य नसते, म्हणून जगभरच्या प्रोग्रामरांनी ओपन सोर्स सॉफ्टवेअर लिहिले आणि ते सर्वांना मोफत दिले. ‘मेगाडिटेक्टर’ छायाचित्रात प्राणी, माणूस की वाहन आहे ते ओळखते. ‘कॅमट्रॅपआर’ नोंदींची शास्त्रीय मांडणी करते. फिल हार्वी यांचे ‘एक्झिफटूल’ छायाचित्राच्या फाइलमध्ये दडलेली माहिती वाचून दाखवते.

या सॉफ्टवेअरची गाडी अडते ती कॅमेरा कंपनीच्या दारात. फाइलमध्ये कोणती माहिती कुठे ठेवली आहे, हे कंपनी सांगत नाही, आणि मग कुणीतरी रात्री जागून ते अंदाजाने शोधत बसतो. कंपनीने चार पानांचे टिपण दिले तर हे काम एका दुपारचे आहे. ते टिपण मिळवायचे कसे, यासाठी हा लेख. वन्यजीवांच्या नोंदी ठेवणारे गट, लग्नाचे फोटो काढणारे स्टुडिओवाले, गावात सीसीटीव्ही बसवणाऱ्या ग्रामपंचायती आणि लोणी, संगमनेर, कोपरगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत प्रकल्प करणारे विद्यार्थी, सर्वांना तो उपयोगी पडेल. सांगायचे सूत्र एवढेच, की मागणी लहान ठेवा, नेमकी ठेवा, एकत्र येऊन करा आणि पैसे देण्याआधी करा.

अडचण नेमकी ओळखा

‘कंपनी सहकार्य करत नाही’ या तक्रारीला कुणी उत्तर देत नाही. आधी अडचणीचे नाव ठरवा. साधारणपणे ती या चारांपैकी एक असते.

पहिली, छायाचित्राच्या फाइलमधली माहिती. अनेक ट्रॅप कॅमेरे तापमान, चंद्रकला आणि वेळ छायाचित्राच्या खालच्या पट्टीवर नुसती छापतात. माणसाला ती वाचता येते, पण सॉफ्टवेअरला त्यासाठी चित्रातली अक्षरे ओळखत बसावे लागते. हीच माहिती फाइलच्या आत ठरलेल्या जागी लिहिली, तर हजारो छायाचित्रांची यादी मिनिटांत तयार होते. काही कंपन्या ती आत लिहितात, पण स्वतःच्या सांकेतिक पद्धतीने.

दुसरी, रॉ फाइल. स्टुडिओवाले आणि निसर्गछायाचित्रकार ज्या रॉ फाइलवर काम करतात, तिची रचना बहुतेक कंपन्यांची स्वतःची असते. नवा कॅमेरा बाजारात आला की ‘डार्कटेबल’ किंवा ‘रॉथेरपी’ यांसारख्या मोफत सॉफ्टवेअरला त्याची फाइल नीट उघडता येईपर्यंत बरेचदा काही महिने जातात.

तिसरी, कॅमेऱ्याचे नियंत्रण. लहान संगणकाने कॅमेऱ्याला ‘आता फोटो काढ’ असे सांगायचे असेल, तर दोघांमधली आज्ञांची भाषा ठाऊक हवी. ‘लिबजीफोटो२’ हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर अडीच हजारांहून अधिक कॅमेऱ्यांशी बोलू शकते. त्यातल्या कितीतरी आज्ञा स्वयंसेवकांनी स्वतः शोधून काढल्या आहेत.

चौथी, छायाचित्र पाठवण्याची वाट. सिमकार्ड असलेले बरेच ट्रॅप कॅमेरे छायाचित्र फक्त कंपनीच्या सर्व्हरवर पाठवतात आणि ते कंपनीच्याच ॲपमध्ये दिसते. गावाला इशारा द्यायचा तर ते छायाचित्र गावाच्या किंवा वनविभागाच्या यंत्रणेत लगेच यायला हवे. कंपनीने उद्या सेवा बंद केली किंवा वर्गणी वाढवली, तर झाडावरचा कॅमेरा निम्मा निकामी होतो. बिबट्याच्या परिसरात ही अडचण सर्वांत गंभीर आहे.

काय मागायचे

‘तुमचे सगळे सॉफ्टवेअर ओपन सोर्स करा’ ही मागणी कंपनीच्या वकिलाकडे जाते आणि तिथेच राहते. त्याऐवजी पुढच्यांपैकी एक किंवा दोन गोष्टी मागा.

फाइलच्या रचनेचे टिपण, म्हणजे कोणती माहिती कुठे आणि कोणत्या एककात आहे ते. प्रत्येक नव्या मॉडेलच्या काही नमुना फाइली, कुणालाही वापरता येतील अशा परवान्याने. छायाचित्र स्वतःच्या सर्व्हरवर किंवा एफटीपीवर पाठवण्याचा एक पर्याय. आज्ञांच्या भाषेचे दस्तऐवज. विकसकांसाठी एक-दोन कॅमेरे उसने. आणि प्रश्न विचारता येईल असा कंपनीतला एक अभियंता, नावानिशी.

इथे एक सावधगिरी हवी. बऱ्याच कंपन्या ‘आमचे एसडीके आहे, ते घ्या’ असे सांगतात. एसडीके म्हणजे प्रोग्रामरांसाठी तयार करून दिलेला संच. तो उपयोगी असतो, पण घेण्याआधी तीन प्रश्न विचारा. तो लिनक्स या ओपन सोर्स संगणक प्रणालीवर आणि रास्पबेरी पायसारख्या लहान संगणकावर चालतो का? तो आपल्या सॉफ्टवेअरबरोबर इतरांना वाटण्याची परवानगी आहे का? आणि त्यात फक्त बंद फाइली आहेत की रचनेची माहितीही आहे? परवाना वाटू देत नसेल, तर ओपन सोर्स प्रकल्पाला तो संच घेता येत नाही. अशा वेळी चार पानांचे टिपण त्या संचापेक्षा मोलाचे ठरते.

कुठे जमले, कुठे बिघडले

कंपनीशी बोलताना दाखले हाताशी असू द्या, कारण ‘असे कुणी करत नाही’ हे वाक्य हमखास येते.

गोप्रोने २०२१ साली ‘ओपन गोप्रो’ या नावाने आपल्या कॅमेऱ्यांशी ब्लूटूथ आणि वायफायवरून बोलण्याची पद्धत जाहीर केली. मोकळ्या परवान्याखाली ती कुणालाही वापरता येते. लायका आणि पेंटॅक्स यांनी २००६ च्या सुमारास आपल्या कॅमेऱ्यांत डीएनजी फाइल थेट देणे सुरू केले. डीएनजी ही अडोबीने २००४ साली जाहीर केलेली रॉ फाइलची खुली रचना आहे. सोनीच्या दूरनियंत्रणाच्या एसडीकेला लिनक्सचा आधार आहे. सीसीटीव्हीच्या क्षेत्रात ॲक्सिस, बॉश आणि सोनी यांनी २००८ मध्ये ‘ऑनव्हिफ’ हे समान मानक उभे केले. त्यामुळे आज एका कंपनीचा कॅमेरा दुसऱ्या कंपनीच्या रेकॉर्डरला जोडता येतो.

वेबकॅमची गोष्ट सर्वांत शिकवणारी आहे. एकेकाळी लिनक्सवर वेबकॅम चालवणे ही कटकट होती. फिलिप्सच्या वेबकॅमसाठी एका स्वयंसेवकाने ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला उपकरण चालवू देणारा प्रोग्राम, लिहिला, पण चित्र उलगडणारा भाग त्याने कंपनीशी झालेल्या गोपनीयतेच्या करारामुळे बंद ठेवला. लिनक्सच्या देखभाल करणाऱ्यांनी २००४ साली त्या बंद भागासाठी ठेवलेली जोडणी काढून टाकली. लेखकाने आपला सगळा ड्रायव्हर मागे घेतला आणि वापरणारे उघड्यावर पडले. शेवटी दुसऱ्या प्रोग्रामरने तो भाग स्वतः उलगडला. एका माणसाने गुप्ततेची शपथ घेऊन मिळवलेली मदत त्या माणसाबरोबरच संपते, हा त्याचा धडा. पुढे यूएसबी वेबकॅमसाठी ‘यूव्हीसी’ हे समान मानक रुळले. लॉजिटेकच्या अभियंत्यांनी लिनक्सच्या विकसकांना हात दिला आणि २००८ साली यूव्हीसीचा ड्रायव्हर लिनक्सच्या मूळ गाभ्यात आला. आता बहुतेक वेबकॅम लावताक्षणी चालतात.

निकॉनचा अनुभव उलट बाजूचा आहे. २००५ साली डी२एक्स या कॅमेऱ्याच्या रॉ फाइलमध्ये व्हाइट बॅलन्सची माहिती सांकेतिक करून ठेवल्याचे उघड झाले. अडोबीच्या थॉमस नॉल यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली, छायाचित्रकार चिडले आणि त्याच वर्षी ‘ओपनरॉ’ ही मोहीम उभी राहिली. स्वतंत्र प्रोग्रामरांनी ती सांकेतिक माहिती थोड्याच काळात उलगडली. गुप्तता टिकली नाही, नाराजी मात्र पदरात पडली. हा दाखला कंपनीपुढे ठेवाल तेव्हा धमकीच्या सुरात ठेवू नका. त्यांचेही नुकसान टळावे, या भावनेने सांगा.

पत्र लिहिण्याआधीची तयारी

जिल्ह्यात तुमच्या मॉडेलचे कॅमेरे कुणाकुणाकडे आहेत त्याची यादी करा. वनविभागाचा परिक्षेत्र कार्यालय पातळीवरचा साठा, महाविद्यालये, निसर्गमित्र मंडळे, स्टुडिओ, सगळे धरा. एका गटाचे पाच कॅमेरे कंपनीच्या लेखी काहीच नसतात. पंधरा गटांचे मिळून होणारे आकडे मात्र विक्री विभागाला दिसतात. या जिल्ह्याला एकत्र येण्याचे बळ कुणी शिकवायला नको. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना उभा केला, तो एकट्या शेतकऱ्याचे कुणी ऐकत नाही हे जाणूनच.

मग अडचण दाखवणारा छोटा पुरावा तयार ठेवा. एक नमुना फाइल, ती सॉफ्टवेअरमध्ये उघडल्यावर काय दिसते त्याचे चित्र, आणि काय दिसायला हवे त्याचे एक वाक्य. नमुना निवडताना काळजी घ्या. बिबट्याची नेमकी जागा कळेल अशी जीपीएस नोंद, माणसांचे चेहरे आणि घरे असलेली छायाचित्रे बाहेर देऊ नका. कॅमेरे वनविभागाचे असतील तर आधी लेखी परवानगी घ्या. मांजर, शेळी किंवा रिकामे शेत असलेली फाइलही रचना दाखवायला पुरते.

तिसरी तयारी विकसकांची. ज्या प्रकल्पासाठी मदत मागता, त्याच्या देखभाल करणाऱ्यांना आधी विचारा. त्यांना कंपनीकडून काय हवे आहे, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. कंपनीने होकार दिला आणि काम करायला माणूस नसला, तर ते दार पुन्हा उघडत नाही.

पत्र कुणाला पाठवायचे? ग्राहकसेवेच्या सामान्य पत्त्यावर फक्त नोंदीसाठी पाठवा. खरे पत्र उत्पादन व्यवस्थापक आणि फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतले सॉफ्टवेअर) विभागाच्या नावे, प्रत भारतातल्या वितरकाला. वितरकाला विक्रीची चिंता असते, त्यामुळे तो तुमचा निरोप नेटाने वर पोहोचवतो.

पत्राचा नमुना

परदेशी कंपनीला पत्र इंग्रजीत जाईल, पण मजकूर असा असावा:

‘मा. उत्पादन व्यवस्थापक यांस,

आम्ही अहिल्यानगर जिल्ह्यात वन्यप्राण्यांच्या नोंदी ठेवणारे अमुक इतके गट आहोत. आमच्याकडे मिळून आपल्या अमुक मॉडेलचे अमुक इतके कॅमेरे आहेत आणि येत्या वर्षात आणखी घेण्याचा विचार आहे. पावसात आणि उन्हात आपले कॅमेरे चांगले टिकतात, हा आमचा अनुभव आहे.

आमची एकच विनंती आहे. छायाचित्राच्या फाइलमध्ये तापमान, कॅमेरा क्रमांक आणि छायाचित्र हालचालीमुळे निघाले की ठरलेल्या वेळेमुळे, ही माहिती कुठे लिहिली जाते, याचे टिपण कृपया जाहीर करावे. ते मिळाल्यास अमुक प्रकल्पाचे विकसक आपल्या मॉडेलचा आधार विनामूल्य तयार करतील. त्यांचे संमतिपत्र सोबत जोडले आहे. आपल्या चित्रप्रक्रियेची किंवा सेन्सरची कोणतीही गुप्त माहिती आम्हाला नको.

काम पूर्ण झाल्यावर आपले मॉडेल सुसंगत कॅमेऱ्यांच्या यादीत येईल आणि आमच्या खरेदीच्या शिफारशीत त्याचा उल्लेख राहील. आपल्या अभियंत्यांशी अर्धा तास दूरध्वनीवर बोलण्याची संधी मिळाल्यास आभारी राहू.’

पत्र एका पानात बसवा. दोन आठवड्यांनी नम्र आठवण पाठवा, महिन्याने वितरकाला भेटा.

कंपनी काय म्हणेल

‘हे आमचे व्यापारी गुपित आहे.’ आपल्या मालकीच्या छायाचित्रात कोणती माहिती कुठे आहे, एवढेच आपण विचारत आहोत. चित्र सुंदर दिसण्यामागची त्यांची करामत त्यांच्याकडेच राहते.

‘आमच्याकडे त्यासाठी माणसे नाहीत.’ काम आपले लोक करणार आहेत. २००७ साली ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी लिनक्सतर्फे जगातल्या कंपन्यांना हाच प्रस्ताव दिला होता, की माहिती द्या, ड्रायव्हर आम्ही फुकट लिहून देतो. टिपण ‘आहे तसे’ या शेऱ्यासह द्यावे आणि त्याच्या आधाराची जबाबदारी कंपनीवर नाही, असे त्यात लिहावे. आपली हरकत नाही.

‘सुरक्षिततेला धोका आहे.’ हा मुद्दा गांभीर्याने ऐका, कारण ट्रॅप कॅमेरे खरोखर चोरीला जातात. कुलपाचा संकेतांक आणि चोरीविरोधी व्यवस्था मागणीतून स्पष्टपणे वगळा. आज्ञांची भाषा माहीत असली तरी पासवर्डशिवाय आत शिरता येऊ नये, हीच चांगली रचना, हेही सांगा.

‘गोपनीयतेचा करार करा.’ शक्यतो टाळा. फिलिप्सचा दाखला द्या. करार करावाच लागला, तर त्या माहितीवर आधारलेले सॉफ्टवेअर मोकळे प्रसिद्ध करता येईल, हे कलम त्यात लेखी हवे.

‘वॉरंटी जाईल.’ फाइल वाचणारे सॉफ्टवेअर कॅमेऱ्याला हातच लावत नाही. फर्मवेअर बदलण्याची मागणी आणि फाइल वाचण्याची मागणी एका पत्रात मिसळू नका, म्हणजे हा प्रश्न उठणार नाही.

सर्वांत मोठे बळ खरेदीआधी

पैसे दिल्यावर कंपनीला घाई नसते. म्हणून अटी मागणीपत्रातच घाला. सरकारी खरेदी जेम पोर्टलवरून होत असेल, तर खरेदीदाराला निविदेत अतिरिक्त अटी सुचवण्याची सोय आहे. वनविभाग, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत, महाविद्यालय यांनी पुढील अटींचा आग्रह धरावा.

छायाचित्रातील वेळ, कॅमेरा क्रमांक आणि तापमान फाइलच्या आत प्रमाणित स्वरूपात असावे, नुसते पट्टीवर छापलेले नसावे. बॅटरी बदलल्यावर घड्याळ मागे जाऊ नये. सिमकार्डच्या कॅमेऱ्याला खरेदीदाराच्या सर्व्हरवर छायाचित्र पाठवता यावे आणि कंपनीची सेवा बंद झाली तरी कॅमेरा चालू राहावा. सीसीटीव्ही ऑनव्हिफ मानकाचा असावा. फाइलच्या रचनेचे दस्तऐवज पुरवठ्याबरोबर मिळावे.

या अटींना धोरणाचा आधार आहे. ई-प्रशासनात खुली मानके वापरावीत, असे धोरण केंद्र सरकारने २०१० साली आणले आणि २०१५ साली ओपन सोर्स सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. ही धोरणे कॅमेऱ्यांसाठी लिहिलेली नाहीत, पण खरेदी समितीतल्या अधिकाऱ्याला टिपणीत उल्लेख करायला ती भक्कम ठरतात. अट एकाच कंपनीला लाभ देणारी होऊ नये, याकडे लक्ष द्या. ब्रँडचे नाव न घेता फक्त गुणधर्म लिहा.

उत्तर येईपर्यंत

उत्तर यायला महिने लागू शकतात. तोवर हातावर हात ठेवून बसू नका. ‘रॉ पिक्सल्स’ या संग्रहात तुमच्या कॅमेऱ्याची रॉ फाइल आहे का ते पाहा. नसेल तर सर्वांसाठी मोकळी करून द्या. नमुना फाइलशिवाय विकसकांना नव्या मॉडेलचा आधार देता येत नाही, त्यामुळे तुमच्या एका फाइलने त्या मॉडेलच्या जगभरच्या मालकांचे काम होते. ट्रॅप कॅमेऱ्याची फाइल एक्झिफटूलमध्ये उघडून जे ओळखता आले नाही ते एक्झिफटूलच्या विकसकाला कळवा.

प्रोग्रामिंग येणाऱ्यांनी कायदाही माहीत करून घ्यावा. भारताच्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ (१) (एबी) नुसार, कायदेशीरपणे जवळ असलेल्या प्रोग्रामशी स्वतंत्रपणे लिहिलेला प्रोग्राम जुळवून घेण्यासाठी आवश्यक ती माहिती मिळवण्याची कृती उल्लंघन ठरत नाही, मात्र ती माहिती अन्यथा सहज उपलब्ध नसावी. कंपनीला लिहिलेले पत्र इथेही उपयोगी पडते, कारण माहिती आधी मागितली होती याची ती नोंद असते. संकेतभाषा उलगडण्यापर्यंत जायचे असेल, तर मात्र वकिलाचा सल्ला घ्या.

होकार आल्यावर

दिलेला शब्द पाळा. टिपण मिळाले की ठरलेल्या मुदतीत विकसकांकडून काम पूर्ण होते का ते पाहा, चाचणी स्वतः करा आणि निकाल कंपनीला कळवा. जाहीर आभार माना. त्या अभियंत्याने वरिष्ठांना काय दाखवावे, याची सोय आपणच करायची असते. जिल्ह्यात काय साधले, किती वेळ वाचला, हे दोन परिच्छेदांत लिहून त्याच्या हाती द्या. पुढच्या मॉडेलच्या वेळी तो माणूस आपल्या बाजूने बोलेल.

नकार आला तर तोही जपून ठेवा आणि पुढच्या खरेदीच्या वेळी समितीसमोर ठेवा. जी कंपनी माहिती देते तिचा कॅमेरा घ्या, थोडा महाग असला तरी, कारण छायाचित्रे निवडण्यात जाणारे माणसांचे दिवस त्या फरकाहून महाग पडतात.

उसाची तोड सुरू झाली की फडात बिबट्याची पिल्ले सापडतात आणि गावागावांतून कॅमेऱ्यांची मागणी वाढते. म्हणून हे काम हंगामाच्या आधी करायला हवे. या आठवड्यात आपल्या तालुक्यातल्या कॅमेऱ्यांची यादी करा, पुढच्या आठवड्यात तीन गट एकत्र बसा आणि महिनाअखेरीस पत्र टपालात पडू द्या. वेळेवर मिळालेल्या छायाचित्राने एखाद्या वस्तीला सावध करता येते आणि बिबट्यालाही वाचवता येते. त्या छायाचित्राच्या आड कंपनीचे चार पानांचे मौन येऊ देता कामा नये.